एकेक कार्ड कळतं, पण स्प्रेड लावला की गाडी अडते: बिघाड शोधायचा कुठे?

टॅरो, म्हणजे चित्रांच्या कार्डांची गड्डी वाचणं, नव्याने शिकणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. ‘७८ कार्डांचे अर्थ पाठ झाले. एक कार्ड काढलं की बरंच बोलता येतं. तीन मांडली की तोंडाला कुलूप लागतं आणि दहा मांडली तर विचारूच नका.’ मग माणूस पुन्हा अर्थ घोकायला बसतो. पंधरा दिवसांनी नव्या उत्साहाने स्प्रेड, म्हणजे ठरलेल्या जागांवर कार्डांची मांडणी, लावतो आणि पुन्हा त्याच जागी अडकतो.

मी या चक्रात बरेच महिने काढले. त्या काळात एका मैत्रिणीसमोर दहा कार्डांचा मोठा स्प्रेड मांडून मी जवळजवळ पाऊण तास बोलले होते. प्रत्येक कार्डाचा अर्थ बरोबर सांगितला, एकही चुकला नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘हो, पण यात माझं काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला दहा सुटे परिच्छेद वाचून दाखवले होते.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की स्प्रेड अडतो तेव्हा दोष पाठांतरात क्वचितच असतो. तो कार्ड ज्या जागेवर पडतं त्या जागेत असतो, किंवा जागा ठरवण्याआधीच्या प्रश्नात. त्यामुळे दुरुस्तीही तिथेच करायची. (कार्डं भविष्य सांगतात का, हा वाद इथे नको. मी सांगतात असं मानत नाही. विचार उलगडून समोर मांडायला ती उत्तम आहेत आणि माझ्यापुरतं तेवढं पुरतं. पुढचं सगळं दोन्ही बाजूंच्या लोकांना सारखंच लागू पडेल.)

आधी तपासणी

गड्डीतून फाइव्ह ऑफ कप्स काढा. पत्त्यांच्या भाषेत कपांची पंजी. मी रायडर-वेट-स्मिथ डेक धरून बोलतेय. हा १९०९ साली लंडनमध्ये निघाला. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आजचे पुष्कळ डेक याच चित्रांची नातवंडं असल्यामुळे तुमच्या डेकमध्येही साधारण असंच काही दिसेल: काळ्या झग्यातली एक व्यक्ती, मान खाली, समोर तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन पेले उभे, दूर नदीवर एक पूल.

आता हे कार्ड तीन जागांवर ठेवून प्रत्येक वेळी एक वाक्य मोठ्याने म्हणा. पहिली जागा, ‘हे सगळं कुठून सुरू झालं’. दुसरी, ‘आड काय येतंय’. तिसरी, ‘काय करावं’.

तिन्ही ठिकाणी तोंडातून ‘दुःख, नुकसान, पश्चात्ताप’ एवढंच निघालं, तर बिघाड सापडला. तुम्ही कार्ड वाचताय, जागा वाचत नाही. तीन वाक्यं वेगळी यायला हवीत. सुरुवातीच्या जागेवर: पेले सांडले त्या दिवसापासून, म्हणजे एका जुन्या नुकसानीपासून हे सुरू झालं. अडथळ्याच्या जागेवर: नुकसान नव्हे, तर नुकसानीवर खिळलेली नजर. तिच्यामुळे मागचे दोन पेले दिसतच नाहीत. सल्ल्याच्या जागेवर पुष्कळजण थबकतात, कारण ‘दुःख करा’ हा कसला सल्ला? पण चित्रात करण्यासारखं काय आहे ते बघा. मागे वळता येतं. पूल ओलांडता येतो. आणि हो, दुःख करणं हाही सल्ला असू शकतो, इतके दिवस ते टाळत आला असाल तर.

कार्ड हे नाम, जागा हा प्रत्यय

मला ही गोष्ट शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यावरून सुचली. नुसतं ‘घर’ म्हटलं तर ऐकणारा वाट बघत बसतो. घराने, घराला, घरातून, घराचा, घरात असं काहीतरी झाल्याशिवाय त्या शब्दाला वाक्यात काम मिळत नाही. कार्डाचंही तसंच. पुस्तकात दिलेला अर्थ हा प्रत्यय न लागलेला शब्द. स्प्रेडमधली जागा त्याला प्रत्यय लावते.

मुळाची किंवा भूतकाळाची जागा म्हणजे पंचमी: कशाहून, कुठून. सल्ल्याची जागा तृतीया: कशाने सुटेल? आजूबाजूच्या परिस्थितीची जागा सप्तमी: कशात अडकलोय? अडथळ्याला विभक्ती सापडत नाही, तिथे ‘-मुळे’ किंवा ‘-आड’ असं शब्दयोगी अव्यय लावावं लागतं. व्याकरणाचे जाणकार यावर भुवया उंचावतील, पण टेबलावर हे चालतं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. कार्डं पालथी मांडा. उलटण्याआधी प्रत्येक जागेसाठी मधे रिकामी जागा सोडलेलं एक वाक्य कागदावर लिहा. ‘ही गोष्ट ____पासून सुरू झाली.’ ‘____मुळे माझं पाऊल अडतंय.’ ‘____ने वाट थोडी मोकळी होईल.’ वाक्य मोठ्याने वाचा, मग कार्ड उलटा, मग रिकामी जागा भरा. हा क्रम मोडू नका. कार्ड आधी दिसलं की पाठ केलेला अर्थ धावत पुढे येतो आणि जागेला बोलूच देत नाही.

रिकाम्या जागेत कार्डाचं नाव नको, चित्रातली गोष्ट हवी. ‘एट ऑफ स्वोर्ड्समुळे पाऊल अडतंय’ हे वाक्य नव्हे. (या कार्डात डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई आहे.) ‘डोळ्यांवरची पट्टी सोडून बघायची भीती वाटते, म्हणून पाऊल अडतंय’ हे वाक्य.

आणखी एक युक्ती, हातची. सल्ल्याच्या जागेवर कार्ड आलं की चित्रातल्या माणसाचे हात बघा, ते काय करताहेत? अडथळ्याच्या जागेवर डोळे बघा: कुठे बघताहेत, कुठे बघत नाहीत, की झाकलेलेच आहेत? मुळाच्या जागेवर मागचं दृश्य बघा: डोंगर, पाणी, गाव, भिंत. हा नियम कुठल्या परंपरेतला नाही, मी सोयीसाठी केलाय. पण अडलेल्या माणसाला निदान नजर कुठे टाकायची एवढं तरी त्याने कळतं.

प्रश्न एकाचा, स्प्रेड दुसऱ्याचा

प्रत्येक प्रश्नाला भूत-वर्तमान-भविष्य लावणं ही आपल्या सगळ्यांची पहिली खोड. ‘या दोन कामांपैकी कुठलं घेऊ?’ असा प्रश्न असताना भूतकाळाची जागा काय सांगणार? तिथे कितीही सुंदर कार्ड पडलं तरी ते निकामी जातं. मग वाटतं की कार्डं ‘बोलत नाहीत’. बोलतील कशी? त्यांना भलतंच विचारलंय.

स्प्रेड म्हणजे प्रश्नाचे तुकडे. त्यामुळे पुस्तकातला स्प्रेड शोधण्याआधी आपला प्रश्न कापून बघावा. दोन कामांचा प्रश्न कापला तर तुकडे असे पडतात: पहिल्या कामातून काय मिळेल, त्यासाठी काय सोडावं लागेल, दुसऱ्यातून काय मिळेल, त्यासाठी काय सोडावं लागेल, आणि निवड करताना मी कुठला निकष स्वतःपासून लपवतेय. झाल्या पाच जागा. कुठेही शोधायला जावं लागलं नाही.

‘होईल का?’ आणि ‘करू का?’ हे प्रश्न कार्डांना झेपत नाहीत. हो-नाहीसाठी नाणं पुरतं. त्यासाठी ७८ चित्रं कशाला? ‘करू का?’ असेल तर त्याचं ‘केलं तर काय बदलेल’, ‘नाही केलं तर काय तसंच राहील’ आणि ‘ठरवण्याआधी मी काय तपासायला हवं’ असं करा. तिसरी जागा सोडू नका, पुष्कळदा खरं काम तीच करते. ‘त्याच्या मनात काय आहे?’ या प्रश्नालाही मी हात लावत नाही. त्याच्या मनातलं त्याला विचारावं. कार्डांतून फार तर मला काय वाटतंय तेवढं दिसतं. आजार, कोर्टातलं प्रकरण आणि पैसे कुठे गुंतवायचे हे प्रश्न असतील तर गड्डी पेटीत ठेवून त्या त्या विषयातल्या माणसाकडे जा.

तयार स्प्रेड वापरायचाच असेल तर आधी त्याची परीक्षा घ्या. कुठल्याही दोन जागांवरची कार्डं मनातल्या मनात अदलाबदल करा. रीडिंग बदललं नाही तर त्यातली एक जागा फालतू आहे. ‘अडथळा’, ‘आव्हान’ आणि ‘काय टाळावं’ अशा तीन जागा एकाच स्प्रेडमध्ये मी पाहिल्यात. ते तीन प्रश्न नव्हेत. एकच प्रश्न तीनदा विचारलाय, आणि उत्तरं मात्र तीन वेगळी यायची. गोंधळ होणारच.

केल्टिक क्रॉस

नवशिक्यांच्या या सापळ्यावर जरा थांबायला हवं. पुस्तक उघडलं की हा दहा कार्डांचा स्प्रेड समोर येतो आणि सगळ्यात जास्त वाट याच स्प्रेडमध्ये चुकते.

आधी नावाविषयी. वेट यांनी आपल्या पुस्तकात ही मांडणी प्राचीन केल्टिक पद्धत म्हणून दिली. प्राचीनपणाचं फार मनावर घेऊ नका. टॅरोची कार्डं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाली, आणि त्यांतून भविष्य बघण्याचा उघड प्रचार व्हायला अठराव्या शतकातला फ्रान्स उजाडावा लागला. हे सांगण्याचं कारण एवढंच की ‘प्राचीन आहे, म्हणजे चूक माझीच’ असं वाटून पुष्कळजण दबून जातात. मांडणी अवघड आहे. दबून जायचं कारण नाही.

दुसरा गोंधळ क्रमांकांचा. एका पुस्तकात पाचवं कार्ड डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात वर. कुठलं खरं? याचं उत्तर मूळ पद्धतीतच आहे. वेट यांच्या मांडणीत आधी मधोमध एक ‘सिग्निफिकेटर’ ठेवतात, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या किंवा त्या विषयाच्या नावाने निवडलेलं कार्ड. पहिलं कार्ड त्याच्यावर पडतं, दुसरं आडवं. तिसरं वर, चौथं खाली. पाचवं सिग्निफिकेटरच्या पाठीमागे आणि सहावं तोंडासमोर. म्हणजे डावं-उजवं हे त्या चित्रातला माणूस कुठे बघतोय यावर ठरायचं. नाइट ऑफ कप्सचा घोडा उजवीकडे चाललाय, नाइट ऑफ स्वोर्ड्सचा डावीकडे धावतोय. सिग्निफिकेटर बदलला की मागचं-पुढचं बदललं. आज बहुतेक जण सिग्निफिकेटर ठेवतच नाहीत. मग मागे आणि पुढे हे ज्याने त्याने आपापल्या परीने पक्कं केलं, आणि आकृत्या वेगवेगळ्या झाल्या.

म्हणून उपाय सोपा आहे. एक आकृती निवडा, वहीच्या मागच्या पानावर काढा आणि तीन महिने बदलू नका. कुठलीही चालेल. पण आज ही, उद्या ती असं केलं तर जागेचा प्रत्ययच बदलतो आणि वहीतल्या जुन्या नोंदी वाया जातात.

तिसरा आणि खरा गोंधळ दहा जागांचा. एकामागून एक दहा कार्डं वाचली की पाचव्यापर्यंत पहिलं विसरतं. मैत्रिणीसमोर माझं हेच झालं. आता मी जोड्या लावते. पहिलं आणि दुसरं एकत्र: गोष्ट काय आहे आणि तिला आडवं काय जातंय. तिसरं-चौथं: डोक्यावर काय आहे, म्हणजे जास्तीत जास्त काय साधता येईल, आणि पायाखाली काय आहे. पाचवं-सहावं: मागे पडत चाललेलं आणि समोर येत असलेलं. सातवं-आठवं: मी स्वतः आणि माझ्या भोवतालचं घर, माणसं. नववं-दहावं: आशा-भीती आणि शेवट. दहा कार्डांची पाच वाक्यं झाली. प्रत्येक वाक्यात एक ‘पण’ किंवा ‘म्हणून’ आला पाहिजे. ‘आणि’ आला तर जोडी अजून जुळलेली नाही, फक्त शेजारी बसवलीय.

नवव्या जागेवर आशा आणि भीती एकत्र का, हे विचारून मलाही लोकांनी भंडावलंय. मला ती जागा आवडते. बढती हवी असते आणि तिचीच धास्तीही असते, असं आपल्या सगळ्यांचं होतं. कार्ड बघून ‘यातलं काय मला हवंय आणि नेमकं तेच मिळालं तर कशाची पंचाईत होईल’ असं विचारा.

दुसरं कार्ड आडवं असतं, त्यामुळे ते सरळ की उलटं (चित्र डोकं खाली) हा प्रश्न सोडून द्या. सरळच धरा.

तरी माझा सल्ला असा: तीन कार्डांचा स्प्रेड वीसेक वेळा नीट जमल्याशिवाय केल्टिक क्रॉसकडे वळूच नका.

एक ना धड, भाराभर चिंध्या

कार्ड कळलं नाही की त्याच्यावर आणखी एक ‘क्लॅरिफायर’ काढायचा, तोही कळला नाही की तिसरा. तीन कार्डांचा स्प्रेड बघता बघता नऊचा होतो. मूळ तीन जागांवर प्रत्यय होते, या नव्या सहा कार्डांना कुठलीच जागा नाही. ती नुसती नामं. म्हणून गोंधळ वाढतोच.

जास्तीचं कार्ड काढायचंच असेल तर त्यालाही आधी जागा द्या, वाक्य लिहा, मग काढा. एका स्प्रेडला एकच. वेट यांनी यावर एक शिस्तीचा मार्ग दिलाय: दहावं कार्ड निर्णायक वाटलं नाही तर तेच सिग्निफिकेटर म्हणून मधोमध ठेवायचं आणि मांडणी पुन्हा करायची. म्हणजे न कळलेलं कार्ड हाच नवा प्रश्न.

आणि आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा विचारणं? ते रीडिंग नव्हे, घासाघीस आहे.

तीच कार्डं पुन्हा पुन्हा येतात

एकदा आठवड्यात तीनदा टॉवर आलं आणि माझी झोप उडाली. वीज पडलेला बुरुज, खाली कोसळणारी दोन माणसं. काय होणार आता? झालं काहीच नाही. माझं पिसणं वाईट होतं, एवढंच निघालं. काढलेलं कार्ड मी गड्डीवर परत ठेवत होते, चार वेळा वरखाली करत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरच्या भागातूनच काढत होते.

थोडं गणित इथे भीती घालवतं. रोज एक कार्ड काढत असाल आणि पिसणं अगदी चोख असेल, तरी ११ दिवसांत एखादं तरी कार्ड पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. दहा कार्डांच्या मांडणीत डेथ किंवा टॉवर, कुठलंही एक ठरलेलं कार्ड, येण्याची शक्यता ७८ मध्ये १०, म्हणजे साधारण आठ वेळांतून एकदा. आणि ७८ पैकी २२ मेजर आर्काना, म्हणजे डेथ, टॉवर यांसारखी स्वतंत्र नावाची मोठी कार्डं, असल्यामुळे दहा कार्डांत सरासरी तीनेक मेजर येतातच. ‘तीन मेजर आले, नियतीचा हात आहे’ म्हणू नका. सात आले तर भुवई उंचवायला हरकत नाही.

पिसण्याचं म्हणाल तर डेव्ह बेयर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५२ पानांची गड्डी दोन भाग करून, पानं एकमेकांत फर्रकन सोडत पिसली तर सातेक वेळांनी ती नीट मिसळते. टॅरोची ७८ आहेत, तेव्हा एखादी वेळ जास्त धरा. हातात गड्डी धरून मूठमूठ पानं वरखाली करण्याच्या नेहमीच्या सवयीने मात्र फारच जास्त वेळा पिसावं लागतं, आणि टॅरोची मोठी कार्डं फर्रकन सोडणं सगळ्यांना जमत नाही. मी सगळी कार्डं पालथी टेबलावर पसरते आणि दोन्ही हातांनी मिनिटभर घुसळते. दिसायला पोरखेळ, पण चांगली मिसळतात.

उलट्या कार्डांबद्दल

थोडक्यात. पहिले तीन महिने उलटी कार्डं सरळ करून वाचा, काही बिघडत नाही. जागा वाचायला शिकण्याआधी उलटं-सुलटं आणलं तर दोन अनोळखी गोष्टी एकदम येतात.

पुढे वापरायला लागलात आणि अर्धाअधिक स्प्रेड नेहमीच उलटा यायला लागला, तर आधी हात बघा. कार्ड पुस्तकाचं पान उलटतो तसं डावीकडून उजवीकडे उलटायचं. खालची कड धरून वर उलटलंत की सरळ कार्ड उलटं होतं. समोर कुणी बसलं असेल तर सरळ कुणाच्या बाजूने, हेही आधीच ठरवून टाका. मी वाचणाऱ्याच्या बाजूने धरते.

तसाच एक फसवा बिघाड डेकचा. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये कप्सच्या पाचावर माणूस, नदी, पूल काही नसतं, फक्त पाच पेले असतात. तिथे वर सांगितलेली हात-डोळ्यांची युक्ती चालत नाही. शिवाय त्या डेकमध्ये जस्टिस आठवं आणि स्ट्रेंग्थ अकरावं असतं, वेट यांनी ती अदलाबदल केली. एका पद्धतीचं पुस्तक आणि दुसऱ्या पद्धतीचा डेक घेऊन बसलात तर स्प्रेडचा दोष नाही.

सगळंच फार छान जुळतं

ही तक्रार घेऊन कुणी येत नाही, पण हाही बिघाडच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचं खास वर्णन’ म्हणून कागद दिले आणि ते किती जुळतात याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता.

‘तुम्ही बाहेरून खंबीर, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य कुठल्याही कार्डावर, कुठल्याही जागेवर, कुणालाही लागू पडतं. म्हणून रीडिंग लिहून झालं की प्रत्येक वाक्याला विचारा: हे शेजारच्या माणसालाही लागू पडेल का? पडत असेल तर खोडा. उरतं ते थोडं असतं, पण कामाचं असतं.

एक पूर्ण उदाहरण

प्रश्न: ‘चार वर्षं चाललेलं हे काम सोडू का?’ तो कापून तीन जागा केल्या. ‘मला इथे ____ने धरून ठेवलंय.’ ‘____ मला दिसत नाही.’ ‘येत्या महिन्यात ____ने सुरुवात करता येईल.’ मग कार्डं उलटली: सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, एट ऑफ स्वोर्ड्स, थ्री ऑफ पेंटॅकल्स.

पाठांतराने वाचलं तर: धीर, बंधन, सहकार्य. यातून काय कळलं? काही नाही.

आता जागेने. पहिल्या कार्डात एक माणूस कुदळीवर हनुवटी टेकून झुडपाकडे बघतोय. सहा नाणी झुडपावर लागलीत, एक पायाशी आहे. हातांना काम नाही, तो थांबलाय. म्हणजे मला धरून ठेवलंय ते कामाच्या आवडीने नव्हे, ‘इतकं पेरलंय, आता पिकेलच’ या हिशेबाने. दुसऱ्यात डोळ्यांवर पट्टी असलेली, दोरीने बांधलेली बाई, भोवती आठ तलवारी. पण पाय मोकळे आहेत आणि तलवारींचं कुंपण पुरतं बंद नाही. मला काय दिसत नाही? जाता येतं हे. कुणी अडवलेलं नाही. तिसऱ्यात एक कारागीर कमानीखाली काम करतोय, दोघेजण नकाशा घेऊन त्याच्याशी बोलताहेत. इथे ‘राजीनामा द्या’ असं काही नाही. आपलं काम इतरांना दाखवा, त्यांच्याशी बोला, एवढंच आहे.

मग ‘पण’ आणि ‘म्हणून’: मी केलेल्या मेहनतीच्या हिशेबापायी थांबलेय, पण वाट बंद नाही, म्हणून या महिन्यात माझं काम बाहेरच्या दोघातिघांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं. पहिल्या आणि तिसऱ्या कार्डाचा सूट, म्हणजे चिन्हाचा गट, एकच: पेंटॅकल्स (नाणी). पण पहिल्यात माणूस एकटा आहे आणि तिसऱ्यात तिघे. हे स्प्रेड मांडल्याशिवाय दिसलं नसतं.

सोडू का, याचं उत्तर यात नाही. ते शोधायला काय करायचं, ते आहे.

वहीबद्दल एवढंच

तारीख, प्रश्न, जागांची वाक्यं, कार्डं आणि शेवटचं जोडवाक्य, इतकंच लिहा. महिन्याने पानं चाळा आणि कुठल्या जागा वारंवार कोऱ्या राहिल्यात ते मोजा, कारण बिघाड प्रत्येकाचा वेगळा असतो. माझ्या वहीत सल्ल्याची जागा सतत रिकामी निघायची. हात बघण्याची युक्ती त्यातूनच आली. ती एट ऑफ वाँड्सवर येऊन अडली, कारण त्या कार्डात माणूसच नाही, फक्त आकाशातून तिरक्या निघालेल्या आठ काठ्या आणि खाली नदी. दोन आठवडे ती जागा तशीच कोरी होती. मग मी तिथे लिहिलं, ‘ते पत्र आजच पाठव.’